न झालेल्या दंगलीचा अभ्यास कसा करायचा?

लोकप्रशासनात पीएचडी करू इच्छिणारे बरेच जण सिनॉप्सिसमध्ये लिहितात, ‘प्रशासनाच्या सामाजिक पैलूमुळे सुरक्षितता वाढते.’ ठीक आहे, पण हे तपासणार कसं? भिवंडीचं उदाहरण घेऊ.

यंत्रमागांच्या या शहरात १९७० आणि १९८४ साली मोठ्या जातीय दंगली झाल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. शांतता समित्या आधीही होत्या, पण त्यांत पुढारी मंडळींचा भरणा असे आणि बैठक व्हायची ती सण किंवा तणाव आला की. मोहल्ला समितीत मात्र वस्तीतले साधे हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस नियमित भेटत. त्यामुळे अफवा उठली की खरं काय ते विचारायला ओळखीचा माणूस असायचा.

१९९२-९३ च्या दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार, मुंबईत ९०० माणसं दगावली. भिवंडी शांत राहिली.

म्हणजे समित्यांमुळेच दंगल टळली? इतक्यात निष्कर्ष काढू नका. यंत्रमाग धंद्यात दोन्ही समाज एकमेकांवर अवलंबून आहेत, हेही कारण सांगता येईल. पण तो धंदा १९८४ मध्येही होताच, म्हणजे हे कारण एकटं पुरत नाही. आधीच्या दंगलींत पोळलेले लोक सावध झाले असतील, हीदेखील एक शक्यता. म्हणून एकाच शहरातल्या सक्रिय आणि नावापुरत्या समित्या असलेल्या वस्त्यांची तुलना करा. बैठकांच्या नोंदी शोधा, जुन्या सदस्यांच्या मुलाखती घ्या. अफवा कुणी, कशी थांबवली, हे नेमकं विचारा.

आता पुढचा भाग, जो अनेक जण गाळतात. २००६ मध्ये याच भिवंडीत कब्रस्तानाजवळच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक गेले, जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस. या वेळी संघर्ष दोन समाजांत नव्हता, तर लोक आणि पोलीस यांच्यात होता. ज्या विश्वासावर समित्या उभ्या होत्या, तोच इथे तुटलेला दिसतो.

त्यामुळे माझ्या मते खरा संशोधन प्रश्न असा: एका अधिकाऱ्याने जोडलेला लोकसंपर्क त्याच्या बदलीनंतर टिकण्यासाठी प्रशासनात काय असावं लागतं? सिनॉप्सिसमधलं ते ढोबळ वाक्य खोडून हा प्रश्न लिहून बघा. कोणती माहिती गोळा करायची, ते आपोआप स्पष्ट होत जाईल.