इंजिनाला जोडलेला भाता

पुसेगाव म्हटलं की बहुतेकांना साताऱ्याकडचं पुसेगाव आठवतं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं पाने हातात धरल्यावर मी गावी परतलो आणि घरामागच्या शेडमध्ये ट्रॅक्टर, मळणीयंत्रं, हळद पॉलिश करायचे ड्रम असली कामं करू लागलो. गेल्या एप्रिलमध्ये, शिजवलेली हळद सगळीकडे वाळत पडलेली असताना, माझा भाचा पुण्याहून एक लाल गाडी घेऊन दारात उभा राहिला. गाडी इतकी बुटकी की शेडच्या दारातला उंबऱ्याएवढा चढसुद्धा तिला फळी टाकून चढवावा लागला.

ती सॅन स्टॉर्म होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात तयार होऊ लागलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची, फायबरच्या अंगाची गाडी. इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, ताकद साधारण 60 अश्वशक्ती. आता ती बनत नाही. दिसायला शर्यतीची, पण पळायला बेताची, म्हणून भाच्याने पुण्यात एका गॅरेजमध्ये तिला सुपरचार्जर बसवून घेतला होता.

"मामा, वर गेली की दम सोडते बघा. औंढ्याच्या अलीकडं चढ लागला तर डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज. अन् उभी असताना इंजिन आपोआपच वर-खाली होतं."

गोट्यांचा आवाज ऐकला की मेस्त्री माणूस आधी किल्ली बंद करतो. मी तेच केलं.

सुपरचार्जर म्हणजे काय, हे लोहाराच्या पोराला चटकन कळतं. साधं इंजिन आपली हवा आपण ओढतं. पिस्टन खाली गेला की पोकळी होते आणि बाहेरची हवा तिच्या स्वतःच्या दाबाने आत येते. जेवढी हवा, तेवढंच पेट्रोल जाळता येतं आणि तेवढीच ताकद मिळते. सुपरचार्जर हा इंजिनाला जोडलेला भाता. इंजिनाच्याच पुलीवरून पट्ट्याने फिरतो आणि हवा आत कोंबतो. टर्बोचं कामही तेच, फक्त तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. सुपरचार्जरला इंजिनाची थोडी ताकद खर्ची पडते, पण पाय दाबताक्षणी तो हजर असतो.

भाता ही उपमा मी उगाच जुळवलेली नाही. भाच्याच्या गाडीवरच्या सुपरचार्जरच्या जातीला रूट्स ब्लोअर म्हणतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स नावाच्या दोघा भावांनी 1860 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालायला, खाणींत हवा खेळवायला तो वापरला गेला. तेव्हा मोटारगाडी जन्मायची होती. 1900 च्या सुमारास डाइम्लर यांनी इंजिनात हवा कोंबायचं पेटंट घेतलं, आणि 1921 मध्ये मर्सिडीजने बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरवाल्या विक्रीच्या गाड्या मांडल्या. आपल्या माणसांनाही याचं वेड होतं. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांनी तिसाच्या दशकात अमेरिकेची ड्युसेनबर्ग एसजे घेतली आणि तिचं अंग लंडनच्या गर्नी नटिंगकडून घडवलं. तिचं आठ सिलिंडरचं, जवळजवळ 6.9 लिटरचं इंजिन सुपरचार्जरसह 320 अश्वशक्ती देतं, असं कंपनी सांगायची. पण ते इंजिन कारखान्यातच भात्यासह उभं राहिलेलं होतं. आमच्या लाल गाडीला भाता मागून चिकटवलेला, आणि सगळी अडचण त्या "मागून" या शब्दात असते.

मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला: आतापर्यंत काय काय बदललं? यादी ऐकून पोटात कालवलं. प्लग दोनदा. पेट्रोलचा पंप. इंजेक्टर धुतले. कॉम्प्युटरमध्ये पेट्रोल वाढवलं, मग कमी केलं. आणि बूस्ट कमी दिसतो म्हणून सुपरचार्जरची पुली बदलून लहान बसवली. हे सगळं चार महिन्यांत, पगारातले पैसे घालून. एकदाही कुणी हवेची वाट तपासली नव्हती. माझ्या मते दोष शोधणं आणि भाग बदलत जाणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं न करता दुसरं करणाऱ्याने गिऱ्हाइकाचे पैसे घेऊ नयेत.

सुरुवात इंजिनाच्या तब्येतीपासून केली. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. चारही 165 ते 175 पीएसआयच्या आत. रिंगा, व्हॉल्व्ह ठीक. गोट्यांच्या आवाजाने पिस्टन अजून फुटले नव्हते, याचं मला खरंच हायसं वाटलं.

मग पट्टा. बॉनेट उघडल्याबरोबर जळक्या रबराचा वास आला होता. सुपरचार्जरच्या पुलीभोवती काळी भुकटी, खाचा आरशासारख्या चकचकीत. पट्टा घसरत होता, हे सांगायला यंत्र लागत नाही. मळणीयंत्र चालवणारा कुणीही सांगेल. इंजिन फिरत असताना आवाज किंचाळता झाला तेव्हा पट्ट्यावर पाण्याचे चार थेंब मारले. पाण्याने आवाज क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नाहीत असं समजायचं, वाढला तर पट्टा सैल किंवा घसरता. इथे वाढला. तरीही गवंड्याचा दोरा ताणून पुल्यांची रेघ पाहिली, तर सुपरचार्जरची पुली तीन मिलिमीटर पुढे. म्हणजे दोन्ही रोग होते.

पण घसरतो कशाने? पुली लहान झाली की तिला पट्ट्याचा वेढा कमी मिळतो आणि तीच पुली जास्त वेगाने फिरवावी लागते. हळदीच्या ड्रमवर हेच होतं: लहान पुली घालून ड्रम जोरात फिरवायला गेलं की पट्टा जळतो. तिथे आम्ही मध्ये एक मोकळी पुली टाकून वेढा वाढवतो.

आता खरा प्रश्न. लहान पुली बसवावीशी का वाटली? बूस्ट कमी दिसत होता म्हणून. बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तो आकडा. चारचाकीच्या टायरमध्ये 30 पीएसआयच्या आसपास दाब असतो, इथे पाचसहा पीएसआयचा खेळ. भाच्याच्या गेजवर जास्तीत जास्त तीन दिसायचा. मी पाटीवर हिशेब मांडला. त्याचा सुपरचार्जर जपानच्या आयसिन कंपनीचा एएमआर 500, एका फेऱ्यात अर्धा लिटर हवा ढकलणारा. चार स्ट्रोकचं 1149 सीसीचं इंजिन एका फेऱ्यात निम्मी, म्हणजे 575 सीसी हवा घेतं. इंजिनाची पुली 150 मिलिमीटर, सुपरचार्जरची मूळ पुली 100. म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात सुपरचार्जरचे दीड फेरे, 750 सीसी हवा. 575 च्या जागेत 750 कोंबली की दाब साधारण एक-तृतीयांशाने वाढतो, सुमारे साडेचार पीएसआय. गळती धरून, गरम हवेचा फुगा धरून, चार-पाच दिसायलाच हवा होता. नव्या 85 मिलिमीटरच्या पुलीवर तर सात.

गेज तीन सांगतं आणि हिशेब सात. कुणीतरी खोटं बोलत होतं.

दुसरं गेज आणलं, कोरी नळी घेतली आणि इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डवरच्या वेगळ्या तोंडाला थेट जोडली. माझ्या शेतरस्त्यावर भाचा गाडी चालवत होता आणि मी शेजारी गेज हातात धरून बसलो होतो. 3500 फेऱ्यांना माझ्या गेजवर सात, त्याच्या गेजवर तीन. पुढे पट्टा घसरू लागला तसं माझंही खाली थरथरत आलं. उतरून मी बराच वेळ काही बोललो नाही. आजवरचा सगळा उपचार ज्या आकड्यावर चालला होता, तो आकडाच चुकीचा होता.

आता हवेची वाट. सुपरचार्जरच्या पुढच्या होजमध्ये लाकडी बूच ठोकलं, बुचात ट्रॅक्टरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला आणि पायपंपाने पाच पीएसआय भरला. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. थोडी हवा इंजिनातून जातेच, उघड्या व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडे सुस्कारा ऐकू येतो, त्याने घाबरायचं नाही. मोठे होज सगळे घट्ट. आणि मॅनिफोल्डकडून निघणाऱ्या बोटाएवढ्याही जाड नसलेल्या नळीच्या टी-जॉइंटपाशी, खालच्या बाजूने, फेसाचा बुडबुडा उठला. नळी हातात वाकवली तेव्हा चीर दिसली, नखाएवढी. सरळ धरली की मिटायची.

त्या एका नळीवर तीन गोष्टी टांगलेल्या होत्या: भाच्याचं गेज, नको तेव्हा दाबलेली हवा मागे वळवणारा बायपासचा पडदा आणि पेट्रोलचा दाब ठरवणारा रेग्युलेटर. मॅनिफोल्डकडच्या निपलचं भोक सुईएवढं, त्यामुळे येणारी हवा थोडी आणि चिरेतून जाणारी बरीच. गेज कमी दाखवायचं. उभ्या गाडीत त्याच चिरेतून चोरटी हवा आत शिरायची, म्हणून इंजिन वर-खाली. आणि सगळ्यात धोक्याचं ते रेग्युलेटरचं. इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल फवारतो. तिथला दाब पाचने वाढला तर पेट्रोलचा दाबही पाचने वाढायला हवा, नाहीतर धार कमी पडते. रेग्युलेटरला वाढलेल्या दाबाची पुरती खबरच पोहोचत नव्हती. हवा भरपूर, पेट्रोल तोकडं.

पेट्रोलचं आणि हवेचं नेहमीचं प्रमाण वजनाने एकास 14.7. भात्याच्या दाबाखाली ते एकास 12 च्या आसपास, म्हणजे जास्त ओलं ठेवावं लागतं, कारण जादा पेट्रोल आतला ताप शोषून घेतं. इथे उलट कोरडं मिश्रण, त्यात लहान पुलीने वाढवलेला दाब, आणि त्यात आमचा एप्रिल. हवा दाबली की तापते. बाहेर 41 अंश असताना असल्या ब्लोअरमधून निघणारी हवा सहज पन्नासेक अंशांनी तापते. पुण्याच्या जानेवारीत गाडी गप्प होती आणि औंढ्याजवळच्या चढावर वाजली, त्याचं कारण हे. इंजिनाचं स्वतःचं कॉम्प्रेशनच साडेनऊच्या आसपास. आधीच दाबून आलेली तापलेली हवा त्यात पिळली की ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचायची वाट न पाहता कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक पेटतं. त्या गोट्या म्हणजे तोच स्फोट, पिस्टनच्या डोक्यावर हातोडा. अशा इंजिनात आवाजाकडे दुर्लक्ष करून चढ चढवत राहिलं तर रिंगांमधली कड तुटते, आणि मग दुरुस्ती नळीची राहत नाही.

म्हणजे एक चीर. तिच्यामुळे खोटं गेज, त्या गेजमुळे लहान पुली, पुलीमुळे घसरता पट्टा आणि वाढलेला ताप, आणि तिच्यामुळेच कोरडं मिश्रण. नवा पंप, नवे प्लग, धुतलेले इंजेक्टर यांतलं काहीच मुळात बिघडलेलं नव्हतं.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. तिन्ही गोष्टींना मॅनिफोल्डवरून स्वतंत्र नळ्या दिल्या, जेणेकरून एक फुटली तर बाकीच्या बोलतील. 100 ची पुली परत आली. सुपरचार्जरच्या पट्टीखाली वॉशर घालून रेघ जुळवली आणि एक मोकळी पुली टाकून वेढा वाढवला. हवा घ्यायचं तोंड रेडिएटरच्या मागे होतं, ते पुढच्या बंपरआड वळवलं. जुन्या फिल्टरमधून हळदीची पिवळी धूळ निघाली, पुसेगावात दोन दिवस उभं राहिल्याची खूण. क्रँककेसच्या वाफेच्या नळीत एकेरी व्हॉल्व्ह बसवला, नाहीतर बूस्टच्या वेळी दाब उलटा तेलाच्या भांड्यात शिरतो आणि सीलमधून तेल गळायला लागतं.

आता कायद्याचं, जे मी भाच्याला पहिल्याच संध्याकाळी रागावून सांगितलं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. अपघात झाला तर विम्यावरही प्रश्न उभा राहतो. अशी गाडी बंदिस्त ट्रॅकवर चालवावी. पुण्याहून ती रस्त्याने आणली, ते चुकलंच. परत जाताना ती टेम्पोवरून गेली.

जायच्या आदल्या दिवशी भर दुपारी शेतरस्त्यावर पुन्हा धाव घेतली. दोन्ही गेजवर एकच आकडा, पावणेपाच. उभी असताना इंजिन 850 वर शांत. 4500 पर्यंत आवाज स्वच्छ, त्याच्या वर अगदी बारीक टिकटिक, कान देऊन ऐकली तरच. दाबलेली हवा थंड करायला मध्ये इंटरकूलर नाही, आणि या उन्हात तो लागणारच. जुन्या डिझेल गाडीचा एक लहान इंटरकूलर माझ्या नजरेत आहे. पुढच्या जाळीमागे तो मावतो का, याची मापं भाचा पाठवणार आहे. तोपर्यंत टॅकोमीटरच्या काचेवर 4500 पाशी मी लाल नेलपॉलिशची रेघ ओढून दिली आहे, भाचीच्या बाटलीतून घेऊन.