मूत्रपिंड बदललेल्याला गजकर्ण झाले तर

येरमाळ्याची येडेश्वरीची चैत्री यात्रा ऐन उन्हाच्या भरात येते. घाम, गर्दी, अंगावरचे ओले कपडे. यात्रा उरकून घरी परतावे तो कुणाच्या जांघेत, कुणाच्या काखेत गजकर्ण उठलेले. मग मेडिकलच्या दुकानात जाऊन आपण गोळी मागतो आणि दुकानदारही ती देतो. मनाने औषध घेणे कुणालाच चांगले नाही; पण घरात कुणाचे मूत्रपिंड बदललेले असेल, तर ही गोळी त्याला फारच महागात पडेल.

कसे ते पाहा. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराला परके वाटते व ते त्याच्यावर तुटून पडते. तसे होऊ नये म्हणून रोग्याला सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस कायम घ्यावे लागते. दोन्ही औषधे मातीतलीच बरे का! पहिले नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून निघाले, दुसरे १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जंतूपासून.

यांची मात्रा मोठी नाजूक. कमी पडली तर शरीर मूत्रपिंड नाकारते. जास्त झाली तर औषधच मूत्रपिंडाला इजा करते. आपल्या आतड्यात व यकृतात एक विकर असते, ते हे औषध मोडत राहते. इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल या बुरशीवरच्या गोळ्या नेमके तेच विकर अडवतात. विहिरीचा झरा चालू आणि उपसा बंद, मग पाणी चढणारच! हात थरथरतात, रक्तदाब वाढतो, रक्तातले क्रिएटिनीन चढते. व्होरिकोनॅझोल द्यायचेच झाले तर डॉक्टर टॅक्रोलिमस एक तृतीयांशावर आणतात, वरचेवर रक्त तपासतात आणि गोळी थांबली की मात्रा पुन्हा वाढवतात. हे वाढवणे राहून गेले तरीही मूत्रपिंड जाऊ शकते.

महागडे सायक्लोस्पोरिन कमी लागावे म्हणून आपल्या देशात काही डॉक्टरांनी मुद्दाम किटोकोनॅझोल जोडीला दिले होते. पण तेही रक्ताच्या तपासणीवर नजर ठेवून. टीबीच्या रिफॅम्पिसिनचे काम याच्या उलट, ते औषधाची पातळी खाली पाडते. पपनसही अशा रोग्याने खाऊ नये.

गजकर्ण थोडे असेल तर मलमावर भागते. ते कातडीतून रक्तात फारसे उतरत नाही. तरी कोणते मलम लावायचे हे शस्त्रक्रिया झालेल्या दवाखान्यालाच फोन करून विचारावे. गावातल्या डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. नावे तोंडपाठ नसतात. आणि बुरसलेला कडबा, जुना भुसा, उकिरडा उपसायचे काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावे.