बापूंची २१ निर्धाव षटके आणि षटकांची मर्यादा

जर्मनीत फ्रँकफुर्टला लागून एश्बॉर्न नावाचे गाव आहे. तेथे आमच्या नात्यातले एक कुटुंब राहते. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा क्रिकेट खेळतो. बापू नाडकर्णी यांनी लागोपाठ २१ निर्धाव षटके टाकली, असे आजोबांनी सांगितले तेव्हा त्याला ती थाप वाटली. तो खेळतो ते सामने दहा षटकांचे, आणि एका गोलंदाजाच्या वाट्याला षटके येतात दोन. मग एकवीस येणार कोठून? आपल्या बेटावर फुटबॉलचे वेड अधिक. तेव्हा आपल्या घरच्या मुलांनाही हाच प्रश्न पडेल, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आजोबांचे म्हणणे खरे आहे. १९६४ च्या जानेवारीत मद्रासच्या कसोटीत, इंग्लंडविरुद्ध, नाशिकला जन्मलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने ३२ षटके टाकली. त्यांतली २७ निर्धाव. धावा दिल्या अवघ्या पाच. लागोपाठ १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. बळी मात्र एकही मिळाला नाही, हेही सांगितले पाहिजे. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवून ते त्यावर चेंडू टाकत, असे सांगतात. 'लागोपाठ' म्हणजे त्यांची स्वतःची षटके. कारण एकाच गोलंदाजाने सलग दोन षटके टाकायची नाहीत, हा नियम कसोटीतही आहे. मात्र एकूण किती टाकावीत, याला तेथे बंधन नाही.

मर्यादित षटकांच्या सामन्यात मात्र पाचव्या हिश्शाचा हिशेब चालतो. १९७५, १९७९ व १९८३ च्या विश्वचषकांत डाव ६० षटकांचा होता, म्हणून प्रत्येकाला १२. पुढे ५० झाली तेव्हा १०, वीस षटकांच्या सामन्यात ४ आणि दहाच्या सामन्यात २. पावसाने डाव बारा षटकांचा झाला तर दोघांना तीन-तीन व बाकीच्यांना दोन-दोन. षटक टाकता टाकता गोलंदाज जायबंदी झाला तर उरलेले चेंडू दुसरा टाकतो. पण मर्यादेच्या हिशेबात ते दोघांच्याही नावावर पूर्ण षटक धरतात! मुलांना ही गोष्ट हटकून चुकीची वाटते.

'षटक' हा आपला शब्द सहावरून आला. ऑस्ट्रेलियात १९७९ पर्यंत आठ चेंडूंचे षटक असे. त्याला खरे तर अष्टक म्हणायला हवे होते. इंग्लंडमधल्या शंभर चेंडूंच्या नव्या स्पर्धेत पाच-पाच चेंडूंचा हिशेब आहे आणि एका गोलंदाजाला वीसच चेंडू मिळतात. त्याला पंचक म्हणावे, तर आपल्या आजीबाई कपाळाला हात लावतील.

या मर्यादेमुळे कर्णधाराला निदान पाच गोलंदाज बाळगावे लागतात, आणि फलंदाज नेमके पाचव्यावर तुटून पडतात. १९७५ च्या विश्वचषकात लीड्सला बिशनसिंग बेदी यांनी पूर्व आफ्रिकेविरुद्ध १२ षटकांत, त्यांतली ८ निर्धाव, सहाच धावा दिल्या. पण तेरावे षटक त्यांना देता येत नव्हते. बापूंची ती ३२ षटके आज वीस षटकांच्या खेळात टाकायची तर आठ सामने लागतील. दर षटकाला धावा हव्यात, अशा घाईच्या खेळात तसा संयम मुलांना दिसणारच नाही, याचे आम्हांला वाईट वाटते.

तरी मर्यादा नको, असे आम्ही म्हणणार नाही. सॉनी रामाधीन ट्रिनिदादचा, वेस्ट इंडीजकडून कसोटी खेळलेला पहिला भारतवंशीय; आपल्यासारख्याच बेटावरचा माणूस. १९५७ साली बर्मिंगहॅमला पहिल्या डावात त्याने ४९ धावांत सात बळी घेतले. दुसऱ्या डावात पीटर मे आणि कॉलिन काउड्री यांनी ४११ धावांची भागीदारी केली. पुढे केलेल्या पॅडवर चेंडू आदळत होते, पायचीतचे अपील फेटाळले जात होते आणि कर्णधार पुन्हा पुन्हा त्याच्याच हाती चेंडू देत होता. त्या एका डावात रामाधीनने ९८ षटके टाकली. बळी मिळाले दोन.