शेकरूचा मुलूख : भीमाशंकर

पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांच्या हद्दी सह्याद्रीच्या माथ्यावर जेथे एकमेकींस भिडतात, तेथील सुमारे १३१ चौरस किलोमीटरांचे अरण्य सरकारने १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर केले, ते मुख्यत्वे शेकरूच्या रक्षणार्थ. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास मीटरभर लांब असलेली, तांबूस पाठीची ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी होय. जमिनीवर ती क्वचितच उतरते; एका वृक्षावरून दुसऱ्यावर पाच-सहा मीटरांची झेप घेत, काटक्या व पाने गुंफून एकाच मुलखात अनेक गोलाकार घरटी बांधीत ती आयुष्य कंठते, आणि म्हणूनच फांद्यांचे सलग छत हा तिचा राजमार्ग ठरतो. रस्त्यासाठी वा सरपणासाठी ते छत मध्येच खंडित झाले, की तिचे संचारक्षेत्र दुभंगते. या अभयारण्याचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी, असे आम्हांस आग्रहपूर्वक वाटते.

जांभूळ, अंजनी, आंबा आणि हिरडा हे येथील निमसदाहरित वनाचे प्रमुख वृक्ष. देवाच्या नावाने राखलेल्या रायांत कुऱ्हाडीस पिढ्यान्‌पिढ्या मज्जाव असल्याने तेथील झाडोरा विशेष घनदाट आहे. वर्षाऋतूत कड्यांवरील उघडे कातळ तेरड्याने व सोनकीने बहरतात, आणि कुजत्या, ओल्या लाकडांवरील एक जातीची बुरशी रात्री हिरवट प्रकाशाने उजळते. हिरड्याची फळे वेचणे हे येथील महादेव कोळी कुटुंबांच्या उपजीविकेचे जुने साधन आहे.