जगात एकच असलेली गाडी खरी आहे, हे कसं ठरतं?

२०१४ साली पश्चिम फ्रान्समध्ये एका कुटुंबाच्या जागेत सुमारे ६० जुन्या गाड्या सापडल्या. पत्र्याच्या गळक्या शेडमध्ये त्या अनेक दशकं पडून होत्या. रोजे बायों नावाच्या वाहतूक व्यावसायिकानं संग्रहालय काढायच्या इच्छेनं त्या जमवल्या होत्या. पुढे धंदा बसला, काही गाड्या विकल्या गेल्या आणि उरलेल्या तिथेच गंजत राहिल्या.

६ फेब्रुवारी २०१५ ला पॅरिसमध्ये त्यांचा लिलाव झाला आणि एकूण सुमारे अडीच कोटी युरो जमले. त्यातली टॅल्बो-लागो या फ्रेंच कंपनीची एक कूपे सुमारे १७ लाख युरोंना गेली. ती चालू स्थितीतही नव्हती.

मग पैसे कशाचे मोजले? अर्थातच गाडीच्या ओळखीचे. ही गाडी नेमकी कोणती, कोणी बांधली आणि इतकी वर्षं कुठे होती, हे सिद्ध करता येत असेल तर गंजलेला पत्राही सोन्याच्या भावानं जातो. सिद्ध करता आलं नाही, तर चकचकीत गाडीकडेही संग्राहक संशयानं पाहतात. म्हणूनच जुन्या फ्रेंच गाड्यांचा इतिहास शोधणं हे जवळजवळ तपास अधिकाऱ्याचं काम आहे.

एकच गाडी, बनवणारे दोन

महामार्गावर हेल्मेट घातलेला ड्रायव्हर ट्रकची नुसती चॅसिस चालवत नेताना तुम्ही पाहिला असेल. कंपनी चॅसिस आणि इंजिन देते, बॉडी दुसरीकडे बांधली जाते. १९२० आणि १९३० च्या दशकांत फ्रान्समधल्या महागड्या गाड्या अशाच बनत. बुगाटी, डलाए, डलाज, हिस्पानो-सुइझा या कंपन्यांकडून ग्राहक चॅसिस घ्यायचा आणि ती 'कोचबिल्डर'कडे न्यायचा. साउचिक, फिगोनी ए फालाशी, शाप्रों ही त्यातली मोठी नावं.

शिंप्याकडे कपडे शिवावेत तशी ही बॉडी ग्राहकाच्या मापाची आणि आवडीची असायची. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या पूर्णपणे वेगळ्या दिसू शकत आणि काही रचना तर एकदाच बनल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर चॅसिस आणि बॉडी एकसंध असलेल्या गाड्यांचं युग आलं, मोठ्या इंजिनांवर जबर कर लागले आणि हा धंदा संपत गेला. कारखाने बंद पडले, तशा त्यांच्या अनेक नोंदीही गेल्या.

पहिला धागा: नंबर

आपल्या आरसी बुकवर चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर असे दोन वेगळे रकाने असतात. जुन्या गाडीची तपासणीही तिथूनच सुरू होते. बुगाटीच्या '५७३७४' या चॅसिस नंबरातले पहिले दोन आकडे सांगतात, की ही टाइप ५७ आहे. कंपनीच्या नोंदवह्या शिल्लक असतील, तर ती चॅसिस कधी आणि कोणाला गेली हे कळू शकतं.

पण नंबर फक्त चॅसिसचा पत्ता देतो, वरच्या बॉडीचा नाही. त्या काळी फॅशन बदलली की मालक जुनी बॉडी काढून नवी बसवत. शिवाय धातूच्या पट्टीवर नंबर नव्यानं ठोकणं अवघड नाही. म्हणून अक्षरांचं वळण, ठोकण्याची खोली आणि आजूबाजूच्या धातूचं वय हे सगळं बारकाईनं पाहिलं जातं.

दुसरा धागा: पत्र्याच्या आत

या बॉडींचा सांगाडा बहुतेकदा लाकडाचा असायचा आणि त्यावर पत्रा चढवलेला असायचा. कारागीर कामाचा क्रमांक लाकडावर किंवा पत्र्याच्या झाकल्या जाणाऱ्या कडेवर टाकत. गाडी उघडल्यावर सगळीकडे तोच क्रमांक मिळाला, तर भाग मूळचे असण्याची शक्यता वाढते. रंगाचे थर, जुनी भोकं, नंतर मारलेले जोड यांतूनही गाडीचं आयुष्य वाचता येतं.

धातूसुद्धा साक्ष देतो. १९३५ च्या पॅरिस मोटर शोमध्ये बुगाटीनं 'एरोलिथ' नावाची गाडी दाखवली होती. तिची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. हा धातू वेल्डिंगमध्ये पेट घेऊ शकतो, म्हणून पत्रे रिव्हेटनं जोडले होते. त्यानंतरच्या 'अटलांटिक' गाड्यांची बॉडी अॅल्युमिनियमची, तरी रिव्हेटची ती उभी शिवण शोभेसाठी तशीच ठेवली गेली. म्हणजे फोटोत दोन्ही सारख्या दिसल्या तरी धातू तपासला की फरक कळतो.

मूळ एरोलिथ पुढे नाहीशी झाली. जुन्या फोटोंच्या आधारे ती कॅनडात पुन्हा बांधली गेली, पण ती पुनर्निर्मिती म्हणूनच ओळखली जाते. नवी गाडी मूळची म्हणून खपवली तर मात्र फसवणूक होते.

तिसरा धागा: जुने फोटो आणि नंबर प्लेट

पॅरिसचा वार्षिक मोटर शो आणि गाड्यांच्या सौंदर्यस्पर्धा यांचे फोटो तेव्हाच्या मासिकांत छापून येत. अभ्यासक ते भिंग लावून पाहतात. दाराची मूठ, दिव्यांची जागा, चाकांवरची झाकणं असा एखादा तपशील जुळला तरी धागा हाती लागतो.

फोटोत नंबर प्लेट दिसली तर उत्तमच. एमएच १२ म्हटलं की पुणे, तसंच फ्रान्समध्ये १९५० पासून प्लेटच्या शेवटच्या आकड्यांवरून जिल्हा कळायचा. ७५ म्हणजे पॅरिस. त्याआधी हेच काम अक्षरं करत. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली की नंबरही बदलायचा. आज ही गोष्ट संशोधकांच्या पथ्यावर पडते, कारण प्रत्येक नव्या नंबरातून गाडीच्या प्रवासाचा एकेक मुक्काम कळतो. त्या त्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात नोंद टिकली असेल, तर मालकाचं नावही मिळतं.

नंबर एक सांगतो, बॉडी दुसरंच

पुरावे एकमेकांशी जुळले नाहीत, म्हणजे गाडी बनावट असं नाही. १९३८ ची 'झेनिया' हे याचं उत्तम उदाहरण. आंद्रे द्युबोने हा मद्य बनवणाऱ्या श्रीमंत घराण्यातला, पहिल्या महायुद्धातला लढाऊ वैमानिक आणि रेसिंग ड्रायव्हर. त्यानं स्वतःची सस्पेन्शन पद्धत शोधली होती. ती दाखवण्यासाठी त्यानं ही एकच गाडी बनवून घेतली आणि तिला दिवंगत पत्नीचं नाव दिलं.

चॅसिस हिस्पानो-सुइझाच्या एच-६-बी मॉडेलची, आराखडा झां आंद्रोचा, बॉडी साउचिकची. समोरची काच वक्र, तर दारं बाहेर येऊन मागे सरकणारी. गंमत म्हणजे एच-६-बी १९२२ मध्ये बाजारात आलं आणि त्याचं उत्पादन १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबलं होतं. केवळ चॅसिस पाहिली तर गाडी बॉडीपेक्षा बरीच जुनी ठरते.

युद्धकाळात झेनिया लपवून ठेवली गेली. १९४६ मध्ये पॅरिसजवळच्या सां-क्लू बोगद्याच्या उद्घाटनाला ती पुन्हा लोकांसमोर आली. असे जाहीर प्रसंग इतिहासातला खंड भरून काढतात. युद्धाआधी दिसलेली आणि युद्धानंतर दिसलेली गाडी एकच, असं म्हणायला आधार मिळतो.

अपघातानंतर गाडी तीच राहते का?

सगळ्यात अवघड प्रश्न इथे येतो. बुगाटी अटलांटिक फक्त चार बनल्या. त्यातली ५७४७३ नंबरची गाडी १९५५ मध्ये फ्रान्समध्ये रेल्वे फाटकावर ट्रेनखाली सापडली. मालक आणि सोबतची महिला दोघांचाही मृत्यू झाला. गाडीचे अवशेष भंगारात गेले. १९६० च्या दशकात एका संग्राहकानं ते विकत घेतले आणि अनेक वर्षं खपून, वाचलेले भाग वापरत गाडी पुन्हा उभी केली.

ही तीच गाडी का? जाणकारांच्या जगात याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देत नाहीत. कोणते भाग मूळचे, कोणते नवे आणि कोणतं काम कधी झालं, हे लिहून ठेवणं महत्त्वाचं मानलं जातं. दुरुस्ती करण्यात गैर काही नाही, ती लपवली तर मात्र गाडीवरचा विश्वास जातो.

हरवलेली काळी बुगाटी

चारपैकी ५७४५३ ही मात्र आजतागायत बेपत्ता आहे. कंपनीचे संस्थापक एत्तोर बुगाटी यांचा मुलगा झां ती वापरायचा. ऑगस्ट १९३९ मध्ये दुसऱ्याच एका गाडीची चाचणी घेताना त्याचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी जर्मनीनं अल्सेस ताब्यात घेतलं. बुगाटीचा कारखाना त्याच भागात होता. कंपनीच्या सांगण्यानुसार फेब्रुवारी १९४१ मध्ये बोर्दोला पाठवायच्या गाड्यांच्या यादीत तिचा शेवटचा उल्लेख आहे. पुढे काहीच माग नाही.

आज ती मिळाली तर किंमत १० कोटी युरोंच्या वर जाईल, असा कंपनीचा अंदाज आहे. २०१९ मध्ये कंपनीनं तिच्या स्मरणार्थ 'ला व्हॉत्यूर न्वार' म्हणजे 'काळी गाडी' या नावानं एकच नवी गाडी बनवली. करांशिवाय तिची किंमत १ कोटी १० लाख युरो होती.

इतका पैसा पणाला लागला असताना उद्या कोणी ५७४५३ नंबर ठोकलेली चॅसिस घेऊन आलं, तर तेवढ्यानं काहीच सिद्ध होणार नाही. धातू, जोड, जुन्या फोटोंतले तपशील आणि १९४१ पासून आजपर्यंतच्या मालकीची साखळी, हे सगळं जुळावं लागेल.

तुमच्या फीडमध्ये 'जगातली एकमेव गाडी सापडली' अशी रील आली, तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी पाहा. चॅसिस नंबर दिलाय का? बॉडी कोणी आणि कधी बांधली हे सांगितलंय का? मधल्या वर्षांत गाडी कोणाकडे होती, याचा एखादा कागद किंवा फोटो आहे का? तिन्हींची उत्तरं नसतील, तर गाडी सुंदर असेल, पण 'एकमेव' हा शब्द अजून सिद्ध व्हायचा आहे.