नळयोजनेच्या दुसऱ्या वर्षाचा खर्च

उन्हाळ्यात टँकर सुरू होतात, तेव्हा त्या यादीत काही गावे अशीही असतात, जिथे विहीर आहे, टाकी आहे, घरोघरी नळसुद्धा आहेत. पंप जळून पडलेला असतो, किंवा थकलेल्या बिलापायी वीजजोडणी तोडलेली असते. योजना बांधायला लाखो रुपये आले आणि पुढे काही हजारांसाठी ती बंद पडली. लहान गावांना पाण्यासाठी आणि पर्यावरणासाठी मदत करायची, तर आधी या विसंगतीकडे पाहावे लागते. बांधण्याच्या पैशावर आपण भरपूर बोललो. चालवण्याच्या पैशावर फारच कमी बोललो, आणि लहान गाव मार खाते ते तिथेच.

बांधायला पैसा कुठून येतो

1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींच्या कक्षेत आणला. त्यानंतर सरकारी धोरणही बदलले. सरकारने योजना बांधून द्यायची आणि गावाने पाहत राहायचे, ही पद्धत मोडून लोकवर्गणीची अट आली. महाराष्ट्रात 2003 साली जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झालेला जलस्वराज्य प्रकल्प याच विचारावर उभा होता. मागणी गावाने करायची, खर्चाचा दहावा हिस्सा गावाने उचलायचा आणि समितीही गावाचीच.

15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने तीच चौकट पुढे नेली. माणशी दररोज 55 लिटर पाणी, घरात नळ, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र व राज्याचा निम्मा-निम्मा वाटा. गावातल्या अंतर्गत कामांसाठी 10 टक्के लोकवर्गणी ठरली. डोंगराळ व वनक्षेत्रातल्या, तसेच अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून अधिक असलेल्या गावांसाठी ती 5 टक्के आहे. वर्गणी रोख, वस्तुरूपाने किंवा श्रमदानाने देता येते. 2024 ची मूळ मुदत आता 2028 पर्यंत वाढवली आहे.

वर्गणीमागचा हेतू चांगला आहे: ज्यात आपला पैसा आहे, ते माणूस जपतो. पण घाईत योजना उरकायची असली की वर्गणी कागदावरच जमा होते, ठेकेदारच ती भरून टाकतो. मग योजना गावाची होत नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्या वर्षापासून मोजावी लागते.

लहान गाव महाग का पडते

एक हिशेब मांडू. आकडे गणितापुरते धरलेले आहेत, पण कुठल्याही ग्रामपंचायतीत बसून ते पडताळता येतील.

तीनशे घरांचे गाव आणि विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप. तो रोज आठ तास चालला, तर दिवसाला साधारण 30 युनिट, म्हणजे वर्षाला जवळजवळ 10,900 युनिट वीज लागते. युनिटला 6 रुपये धरले तर 65 हजार रुपये झाले. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला महिना 6 हजार, म्हणजे वर्षाला 72 हजार. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि पाणी तपासणीला 10 हजार. व्हॉल्व्ह, गळती, मोटर रिवायंडिंग यांना 40 हजार. पंप कधीतरी बदलावाच लागतो, त्यासाठी 30 हजार बाजूला. बेरीज 2 लाख 17 हजार होते. घरटी वर्षाला सुमारे 725 रुपये, म्हणजे महिन्याला साठेक रुपये.

आता हेच शंभर घरांच्या वाडीला लावू. वीज तिसऱ्या हिश्शावर, 22 हजारांवर येईल. टीसीएलचा खर्चही घटेल, 6 हजार धरू. पण पाणी सोडायला माणूस एक लागतोच, त्याचे 72 हजार तसेच राहतात. दुरुस्ती 30 हजार, पंपाची तजवीज 20 हजार. एकूण दीड लाख आणि घरटी दीड हजार. तेच पाणी, तेवढेच लिटर, पण दर दुपटीहून जास्त. लहान वस्तीतली माणसे बहुधा अधिक गरीब असतात, आणि जास्त दर त्यांच्याच वाट्याला येतो.

हा दोष कोणाच्या आळसाचा नाही. ठरावीक खर्च कमी घरांत वाटला गेला की असेच होणार. म्हणून ‘गावाने स्वतःच्या पायावर उभे राहावे’ हे सगळ्या गावांना सारखेच सांगणे मला अन्यायाचे वाटते. पाच हजार वस्तीच्या गावाला ते जमेल. गट ग्रामपंचायतीतल्या पाड्याला चालवण्याच्या खर्चातही कायमचा आधार द्यावा लागेल.

वीजबिलापुरता एक चांगला मार्ग आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने दुर्गम पाड्यांवर बोअरवेलवर हातपंप आणि सौर पंप एकत्र बसवून छोट्या नळयोजना केल्या आहेत. ऊन नसेल तेव्हा हातपंप चालतो. विजेचा मोठा आकडा हिशेबातून जातो. बिघाड झाला तर दुरुस्ती करणारा जवळ हवा, एवढी मात्र काळजी घ्यावी लागते.

पाणीपट्टी

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 ने पाणीपट्टी बसवण्याचा अधिकार दिलेला आहे. तरीही ती वाढवायचा ठराव म्हटला की ग्रामसभा तापते. सरपंच याच लोकांतून निवडून आलेला, थकबाकीदारांत त्याचे भाऊबंद, आणि वसुलीची नोटीस त्यानेच काढायची. शिवाय अनेक गावांत आकडा अंदाजाने ठरतो. शेजारच्या गावात जेवढी पट्टी आहे तेवढीच आपलीही, असे होते. वर मांडला तसा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर लिहिला, तर लोक भांडतील, पण कशासाठी पैसे मागताहेत हे त्यांना कळेल. पाणीपट्टीचे खाते वेगळे ठेवले आणि जमाखर्च चावडीवर लावला, तर विश्वास बसायला मदत होते. साठ टक्केच घरांनी पट्टी भरली, तर पहिल्या उदाहरणात भरणाऱ्यांवर 725 ऐवजी 1,200 रुपयांचा बोजा पडतो, हेही त्याच फळ्यावर दिसायला हवे. विधवा, भूमिहीन किंवा अपंग कुटुंबांना सवलत द्यायची असेल, तर ती उघड ठराव करून द्यावी. मुकाट्याने थकू दिलेली बाकी ही सवलत नव्हे.

वित्त आयोगाचा पैसा

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2 लाख 36 हजार 805 कोटी रुपये सुचवले. त्यातले 60 टक्के ‘बंधित’ आहेत: निम्मे पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी आणि निम्मे स्वच्छतेसाठी. महाराष्ट्रात यातला 80 टक्के हिस्सा ग्रामपंचायतीला आणि 10-10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी ठरली. पाण्याच्या देखभालीला हक्काने मिळालेला हा पहिला मोठा आधार. पण वाटप मुख्यतः लोकसंख्येवर होते. त्यामुळे लहान गावाचा खर्च घरटी जास्त असला तरी त्याच्या हातात येणारी रक्कम छोटीच असते.

सांडपाण्याची स्थिती थोडी बरी आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 आणि घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत धरले आहेत. दोन हजारांच्या गावाला त्यातून सांडपाण्यासाठी 5 लाख 60 हजार मिळू शकतात. शोषखड्ड्याला रोजगार हमीची मजुरीही जोडता येते. नांदेड जिल्ह्यात घरोघरी असे खड्डे झाले आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखले गेले. उघडी गटारे गेली, डास कमी झाले.

विहिरीवरच्या डोंगराची राखण

पाणीयोजनेच्या अंदाजपत्रकात पाइप असतो, टाकी असते. पाणी जिथून झिरपते तो डोंगर नसतो. उगम आटला तर नवी विहीर, नवा पाइप आणि नवे टेंडर. हा सगळ्यांत महागडा मार्ग आहे.

उगम राखण्यात महाराष्ट्राचा अनुभव मोठा आहे. 1992 साली सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकाराने आणि नाबार्डच्या साथीने गावांनी आधी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळायची, श्रमदान करायचे आणि मग पैसा यायचा, अशी शिस्त बसवली गेली. कामे राखण्यासाठी गावाचा देखभाल निधीही उभा केला जाई. हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली रोजगार हमीच्या पैशातून पाणलोटाची कामे केली, ऊस-केळीसारखी पिके आणि शेतीसाठीच्या बोअरवेल नाकारल्या, आणि पावसानंतर दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. बोअरवेलबंदीच्या ठरावाला पैसा लागत नाही. पण तो नसेल, तर पाणलोटावर घातलेला सगळा पैसा शेजारच्या शेतातल्या बोअरवेलमधून वर येतो. म्हणूनच पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर राज्याच्या 1993 च्या भूजल कायद्याने निर्बंध घातले. अंमल मात्र ढिला राहिला.

कर्ज घ्यावे का

जिल्हा ग्रामविकास निधी फार कमी लोकांना आठवतो. ग्रामपंचायती आपल्या उत्पन्नाचा पाव टक्का त्यात भरतात आणि जिल्हा परिषद त्यातून गावांना कमी व्याजाने कर्ज देते. परतफेड झाली की तोच पैसा दुसऱ्या गावाला मिळतो. अमेरिकेने हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर राबवले. तिथे 1987 च्या कायद्याने प्रत्येक राज्यात सांडपाण्यासाठी फिरता कर्जनिधी उभा राहिला. केंद्राच्या रकमेच्या पाचव्या हिश्शाइतकी भर राज्याने घालायची असते. 1996 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठीही असा निधी आला, आणि त्यातला किमान 15 टक्के पैसा दहा हजारांहून कमी लोकांच्या योजनांसाठी राखला गेला. तरीही लहान गावांना अर्ज करणेच जमेना. म्हणून काही विद्यापीठांत पर्यावरण-वित्त केंद्रे चालवली जातात. दर कसे ठरवावेत, कर्ज झेपेल का, हे तिथले लोक गावांना समजावून सांगतात.

आपल्याकडे एकेका ग्रामसेवकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावे असतात. नमुना आठची नोंदवही, ऑनलाइन आराखडा, दाखले आणि निवडणुकीची कामे यांतून पाणीपट्टीचा हिशेब मांडायला त्याला सवड कुठली? जल जीवन मिशनमध्ये गावाला सोबत करायला सहाय्य संस्था नेमल्या, पण त्यांचे काम बहुधा योजना पुरी होईपर्यंतच असते. तालुक्याला दोन माणसे द्यावीत, एक हिशेब जाणणारा आणि एक पंप-पाइप जाणणारा. योजना गावाच्या ताब्यात गेल्यावर निदान तीन वर्षे त्यांनी लहान गावांत फिरावे. त्यांचा पगार योजनेच्या मूळ अंदाजपत्रकातच धरावा, टाकी आणि पाइप यांच्याच रांगेत.