पहिली पंधरा मिनिटं आणि पुढचे दोन दिवस

बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत सुमारे 25 लाख 86 हजार होती. जन्मदर हजारी 15 धरला तर वर्षाला 39 हजारांच्या आसपास बाळं जन्मतात. त्यातल्या साधारण आठशेंमागे एकाला क्लबफूट असतो, म्हणजे पाऊल आत वळलेलं असतं. या हिशेबाने जिल्ह्यात दरवर्षी अशी 45 ते 50 बाळं येतात आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचे दोन्ही पाय वाकडे असतात. गरोदरपणातल्या ग्रहणामुळे असं होतं, हा समज खोटा आहे; ग्रहणाशी याचा काडीचाही संबंध नाही.

इलाज आहे आणि तो खात्रीचा आहे. अमेरिकेतल्या आयोवा इथे डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी तो बसवला. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं थोडं सरळ करून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, असं पाच-सहा वेळा. मग बहुतेक बाळांची टाचेमागची धोंडशीर बारीक छेद देऊन सैल करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. प्लास्टरचे सगळे मिळून दोन महिने. फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेल्या बाळाचे हे दोन महिने जिल्ह्यातल्या नांदुऱ्यासारख्या गावी ऐन उन्हाळ्यात, चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात येतात. तेव्हा आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्लास्टर गरम लागतंय, बाळाची कातडी भाजणार तर नाही?

प्लास्टरची पूड पाणी पिऊन घट्ट होते, तेव्हा उष्णता बाहेर पडते. 100 ग्रॅम पुडीमागे ही उष्णता साधारण 12 किलोज्यूल भरते आणि तिचा जोर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत असतो. कातडीला 44 अंश सहा तास सोसावे लागले तर इजा होते, पण तापमान वाढत गेलं की हा अवधी झपाट्याने कमी होतो. तान्ह्याच्या पायाला पातळ प्लास्टर पुरतं, त्यामुळे नीट घातलं तर धोका फार कमी. धोका वाढवणाऱ्या गोष्टी तीन: जाड थर, गरम पाणी आणि ओलं प्लास्टर उशीवर टेकवणं. प्लास्टर जाड आणि पाणी 24 अंशांहून गरम, हा मेळ टाळावा, असा 2007च्या एका अमेरिकी अभ्यासाचा निष्कर्ष आहे. आता मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी आठवा. त्या नळाखाली पट्टी भिजवू नये. माठातलं पाणी घ्यावं.

पण मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या दोन दिवसांची. 100 ग्रॅम पुडीला घट्ट व्हायला जेमतेम 19 ग्रॅम पाणी लागतं. पट्टी त्याहून कितीतरी जास्त पाणी घेते आणि ते जादा पाणी हवेत उडून जावं लागतं. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. 30 ग्रॅम जादा पाणी धरलं तर 72 किलोज्यूल, म्हणजे आधी निघालेल्या उष्णतेच्या सहापट. यातली बरीचशी हवेतून येते, काही बाळाच्या अंगातून. तान्ह्याच्या एका पायाची कातडी अंगाच्या सुमारे 14 टक्के असते, दोन्ही पायांची 28. मेच्या कोरड्या हवेत हे लवकर आटोपतं. पावसाळ्यात आणि थंडीत प्लास्टर दोन-दोन दिवस ओलं, गार राहतं, आणि बाळ किरकिरतं तेव्हा घरचे प्लास्टर भाजतंय असं समजतात.

मग शेगडी पुढे येते. आपल्याकडे तान्ह्याला तेल लावून, न्हाऊ घालून शेक देण्याची रीत आहे. प्लास्टरला शेक देऊ नका: वरून सुकल्यासारखं वाटतं आणि आत कातडी पोळू शकते. डोकं-अंग झाका, प्लास्टर उघडं राहू द्या. न्हाणं बंद, अंग ओल्या फडक्याने पुसा. उन्हाळ्यात याच्या उलट: पाय झाकलेले असल्याने अंगाची उष्णता बाहेर पडायची जागाच कमी होते, म्हणून बाकी अंगावर एकच सुती झबलं पुरे.

प्लास्टर ठीक आहे याची सगळ्यात भरवशाची खूण पायाच्या बोटांची. अंगठा हलका दाबून सोडा. पांढरा पडलेला दोनेक सेकंदांत गुलाबी झाला की रक्त नीट चाललंय. बोटं निळी, गार, सुजलेली दिसली, प्लास्टर घसरून बोटं आत गेली किंवा दूध पाजूनही रडणं थांबेना, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

क्लबफूट हा 2013मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातला आजार आहे, उपचार मोफत आहेत. बाळाचं पाऊल वाकडं दिसलं की आशाताईंना त्याच आठवड्यात सांगा.